मुदतवाढ साहेबांचा युरिया

काही माणसं खुर्चीवर बसतात, आणि काहींना खुर्ची येऊन चिकटते. बस डेपोच्या स्टोअरमधले हे गृहस्थ दुसऱ्या प्रकारातले. नव्या कामगाराला डेपो दाखवताना लोक सांगायचे, हे रॅक, हा वजनकाटा, हे आपले स्टोअरकीपर साहेब. यातला फक्त वजनकाटा हलतो.

नाव त्यांना होतं, पण ते पगारापुरतं. एरवी तोंडावर ‘साहेब’ आणि पाठ वळली की ‘मुदतवाढ’. हे नाव कुणी ठेवलं ते सांगता येत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माणसांची पारख होती. या गृहस्थांनी आयुष्यात एकाही वस्तूची मुदत संपू दिली नव्हती. डब्यावर, बाटलीवर, पाकिटावर छापलेली शेवटची तारीख ही कंपन्यांनी भोळ्या लोकांना घाबरवून तोच माल पुन्हा पुन्हा गळ्यात मारण्यासाठी काढलेली शक्कल आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि मत एकदा बनलं की त्याचीही मुदत संपत नसे.

एकदा एका मिस्त्रीने त्यांच्याकडून पंख्याचा पट्टा नेला. गाडीवर चढवायला म्हणून वाकवला, तर खारी बिस्किटासारखा कडकन मोडला. मिस्त्री दोन तुकडे घेऊन परत आला. साहेबांनी चष्मा कपाळावर नेला, तुकडे उलटसुलट पाहिले आणि निकाल दिला की पट्टा उत्तम आहे, मिस्त्रीचा हात जड आहे. वस्तू खराब होत नसते, हाताळणारे खराब असतात. मिस्त्री बिचारा स्वतःच्या हाताकडे बघत गेला. साहेबांनी दोन्ही तुकडे जपून परत रॅकवर ठेवले, कारण कधीतरी छोटा पट्टा लागला तर?

स्टोअरची एक रीत होती. एखादी वस्तू बाद करायची तर स्टोअरकीपरने स्वतः ‘निकामी’ असा शब्द लिहून खाली सही करायची. मगच ती फाटकाबाहेर जायची. साहेबांनी हा शब्द उभ्या नोकरीत एकदाही लिहिला नव्हता. चहाच्या टपरीवर, बस धुण्याच्या जागी, कोणी ऐको न ऐको, ते सांगत सुटायचे: “आपल्या स्टोअरमध्ये आजवर एक वस्तू निकामी झालेली नाही.” ऐकणारे माना डोलवायचे, कारण मान डोलवली की साहेब लवकर थांबायचे.

अशा स्टोअरमध्ये जागा कुठून उरणार? स्टोअरच्या मागे एक थंड खोली होती. जाड भिंती, उत्तरेकडे खिडकी, ऊन आत यायचं नावच नाही. उन्हाने बिघडणारा माल ठेवायला म्हणूनच ती बांधलेली. साहेबांनी ती छतापर्यंत भरून टाकली होती, भंगारात जाऊन कित्येक वर्षं झालेल्या बसगाड्यांच्या ब्रेकच्या पट्ट्यांनी, आरशांनी आणि सीटच्या गाद्यांनी. त्यांतल्या दोन गाद्या एकावर एक ठेवून दुपारी अर्धा तास डुलकी काढायची सोयही केली होती. म्हणजे डेपोतल्या सर्वांत थंड जागेत सर्वांत मेलेला माल आणि त्याच्यावर सर्वांत निवांत माणूस.

घरी वेगळं काही नव्हतं. लेकीच्या शाळेतल्या दिवसांत आणलेलं खोकल्याचं औषध लेकीची लेक खोकायला लागली तरी कपाटात होतं. तळाशी साखर दगडासारखी बसलेली. साहेब म्हणायचे, हलवलं की झालं. ते एवढ्या जोरात हलवत की बघणाऱ्याचाच खोकला थांबावा. बायकोने ती बाटली तीनदा कचऱ्यात टाकली होती आणि तीनदा ती कपाटात परत आली होती.

बायको मात्र वेगळ्या मातीची. घरामागच्या मोकळ्या जागेत तिने रोपवाटिका उभी केली होती. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं, गुलाबाच्या कलमांची एक रांग आणि शेवटी लिंबाची लहान रोपं. सावलीला हिरवी जाळी, पाण्याला लांब नळी. बी कधी पेरायचं, रोप कधी उचलायचं, कुठलं रोप मरणार आणि कुठलं धरणार हे तिला पान बघून कळायचं. मेलेलं रोप ती बोलता बोलता उपटून टाकायची. साहेबांना ते बघवत नसे. ते म्हणायचे, अगं, आठ दिवस थांबलीस तर धरेल. ती म्हणायची, अहो, तुम्ही स्टोअर सांभाळा. साहेबांना वाटायचं ही आपली तारीफ आहे.

मग डेपोत नव्या बसगाड्या आल्या. या गाड्यांना डिझेलशिवाय आणखी एक पाणी लागायचं. कॅनवर त्याचं भलंमोठं इंग्रजी नाव छापलेलं, पण ड्रायव्हर मंडळी त्याला सरळ ‘युरिया’ म्हणायची. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी, त्यात ते ओतायचं. गाडी ते धुरावर फवारते आणि धुरातला विखार मरतो. डेपोचे हेडमिस्त्री साहेबांना हे समजवायला स्वतः स्टोअरमध्ये आले. शुद्ध पाणी आणि त्यात विरघळवलेला युरिया, बाकी काही नाही, असं त्यांनी सांगितलं. पण नखरे फार. उन्हात ठेवलं की त्याचा अमोनिया सुटतो. सावलीत वर्षभर, फार तर दीड वर्ष टिकतं; तापलेल्या जागी सहा महिन्यांत कामातून जातं. एकदा गेलं की गेलं, गाळून, हलवून परत येत नाही. थंड खोली रिकामी करा, असं ते जाताना म्हणाले.

साहेबांनी ऐकून घेतलं, म्हणजे हेडमिस्त्रींचे ओठ हलताना पाहिले. पाणी खराब होतं हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. पाणीच ते. समुद्राला कुणी तारीख छापलीय का? हा दाखला त्यांना इतका आवडला की त्या दिवशी त्यांनी तो टपरीवर चौघांना ऐकवला.

त्यातच पुरवठादाराने घाऊक मालावर सूट काढली. साहेबांनी एका दमात एवढे कॅन मागवले की ट्रक रिकामा करता करता हमालांचे चेहरे उतरले. थंड खोली अर्थातच रिकामी नव्हती. मेलेल्या बसच्या गाद्या उचलायच्या म्हणजे डुलकीचं काय? सगळे कॅन पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लावले गेले. त्या भिंतीवर दुपारपासून संध्याकाळपर्यंत ऊन असं पडायचं की शेडमध्ये विसावायला आलेलं मांजरही पाय झटकत बाहेर जायचं. साहेबांनी कॅनची रांग सरळ आहे ना तेवढं एक डोळा मिटून पाहिलं आणि स्वतः थंड खोलीत गेले.

पुढे एक गंमत झाली आणि साहेबांना तिचा अर्थ अगदी उलटा लागला. सुरुवातीला ड्रायव्हर रोज युरिया न्यायला यायचे. हळूहळू येईनासे झाले. नव्या गाड्या तर रोज धावत होत्या. दुसरा कुणी असता तर त्याच्या मनात पाल चुकचुकली असती. साहेबांनी मिशीला पीळ दिला. त्यांच्या मते हा त्यांच्या धाकाचा परिणाम होता. पूर्वी ड्रायव्हर उधळपट्टी करायचे, आता आपल्यासमोर उभं राहायला लाजतात म्हणून जपून वापरतात. त्यांनी हे मॅनेजरना सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं, आणि फोनवर जावयालाही सांगितलं. जावई म्हणाला, वा. सासऱ्याशी त्याचं बोलणं एवढंच असायचं.

कॅन जागचे हलले नाहीत. एक उन्हाळा गेला, दुसराही जायला आला. काही कॅनच्या झाकणांभोवती मिठासारखी पांढरी पापडी धरली. साहेबांनी ती फडक्याने पुसली. शेडमध्ये नाकाला झोंबेल असा वास येऊ लागला. साहेबांनी त्याचा दोष मांजराला दिला.

आणि मग सुट्टीवर गेलेल्या ड्रायव्हरच्या जागी एक नवा बदली ड्रायव्हर आला. त्याला डेपोची काही माहिती नव्हती, म्हणून तो सरळमार्गी माणसासारखा युरिया मागायला स्टोअरमध्ये आला. कॅन उघडला आणि मान मागे घेतली. डोळ्यांतून पाणी. हे बरोबर वाटत नाही, असं तो अदबीने म्हणाला.

इथे साहेबांच्या बुद्धीने अशी झेप घेतली की तिच्यापुढे हात जोडावेत. हेडमिस्त्रींच्या खोलीत एक नुकताच आलेला कॅन होता. साहेबांनी तो आणवला. मोठ्या बादलीत अर्धा जुना ओतला, अर्धा ताजा ओतला, लाकडी दांडक्याने ढवळलं आणि ड्रायव्हरला हिशेब समजावला की एक म्हातारा आणि एक तान्हं बाळ एकत्र केलं की सरासरी वय भर तारुण्याचं निघतं. ड्रायव्हर नवा होता, साहेब जुने होते. त्याने ते तरुण मिश्रण टाकीत ओतलं. ती बादली आदल्या दिवशी ग्रीसची होती, ही गोष्ट साहेबांच्या सरासरीत धरलेली नव्हती.

दुपारी गावाबाहेरच्या चढावर ड्रायव्हरच्या समोरच्या पट्टीवर पिवळा दिवा लागला, मग लाल लागला, मग इंजिनाने दम टाकला. धूर साफ होत नाहीय म्हटल्यावर गाडी स्वतःच आपला वेग तोडते, तशी तिची रचनाच असते. बस मुंगीच्या चालीने चढू लागली. उतारू खाली उतरले आणि पायी चालत बसच्या पुढे निघून गेले. एक आजी तर वर पोचून, झाडाखाली बसून, पाणी पिऊन बसची वाट पाहत होत्या.

गाडी ओढून आणल्यावर हेडमिस्त्री सरळ शेडमध्ये गेले. त्यांनी एक कॅन उघडला, दुसरा उघडला, तिसऱ्यापर्यंत नाकाला रुमाल लावला. मग पाण्यात युरिया किती उरलाय ते दाखवणारं काचेचं छोटं उपकरण काढून एकेक थेंब त्यावर टाकून उजेडाकडे धरून पाहिला. बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज शांत होता, आणि हेडमिस्त्रींचा शांत आवाज डेपोत कुणालाच आवडत नसे.

“साहेब, सगळा माल गेलाय. पुरवठादाराची गाडी जुना माल नष्ट करायला परत नेते. तुम्ही निकामी लिहा, सही करा, मी गाडी बोलावतो.”

“लिहितो ना,” साहेब म्हणाले. “घाई काय आहे?”

घाई होती. साहेब महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि स्टोअर टायर विभागातल्या बाईंच्या ताब्यात जायचं होतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर माल मोजायचा, तपासायचा आणि किल्ली द्यायची. या टायरवाल्या बाईंना साहेबांनी नोकरीला लागल्यापासून धडे दिले होते. टायर फुटल्याशिवाय बाद करू नये, हवा गेली म्हणजे जीव गेला असं नाही, वगैरे. बाई ऐकून घ्यायच्या आणि गुळगुळीत टायर मुकाट बाद करायच्या. अशा बाईंच्या समोर, किल्ली देण्याच्या दिवशी, आपल्या हाताने तो शब्द लिहायचा? ज्या नावाचा उभी हयात टेंभा मिरवला ते नाव स्वतःच पुसायचं? साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. माल मोजायच्या आधी तो नाहीसा झाला पाहिजे, एवढंच त्यांना सुचलं. संपला म्हणून सांगता येईल. वापरला गेला. संपणं ही काही बदनामी नाही.

पहिला प्रयोग गटारावर झाला. बस धुण्याच्या जागेमागे एक उघडं गटार होतं, ते कुंपणापलीकडच्या तळ्यात जायचं. हेडमिस्त्रींनी आधीच बजावलं होतं की हे पाणी गटारात सोडायचं नाही, तळ्यातले मासे मरतील. साहेबांनी कधी मासा पाळला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत इकडेतिकडे बघत त्यांनी एक कॅन तिरका केला. अर्धाही रिकामा झाला नसेल, तोच वारा फिरला आणि वास थेट कॅन्टीनमध्ये शिरला. सगळा डेपो जेवणाची ताटं हातात घेऊन, नाकं दाबून बाहेर आला. साहेबांनी कॅन पायामागे सरकवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि संडासाकडे बोट दाखवलं. सफाईवाल्याने दुपारभर स्वच्छ संडास घासले. जाता-येता तो साहेबांकडे असं बघत होता की शरम असलेल्या माणसाने रजा टाकली असती. साहेबांनी त्याला कोपरे नीट घासायला सांगितलं.

त्या रात्री जेवताना साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. युरिया! युरिया म्हणजे खत. लोक दुकानातून पोती आणतात, शेतात टाकतात. आणि आपण वेड्यासारखे तो गटारात ओततोय, घरामागे एवढी रोपवाटिका असताना! बायको बहिणीकडे आठवडाभर राहायला गेलेली. ती परत येईल तेव्हा रोपं कमरेएवढी झालेली असतील. ती म्हणेल, अहो, हे काय केलंत? आणि आपण म्हणू, काही नाही, थोडं लक्ष दिलं. एका दगडात इतके पक्षी पडताना पाहून साहेबांना स्वतःचा हेवा वाटला.

पुढचे चार-पाच दिवस त्यांची जुनी मोटार मागून जमिनीला टेकत डेपोतून घरी जात होती. मागच्या सीटवर चादरीखाली कॅन. पहारेकऱ्याने विचारलं तर साहेब म्हणायचे, निवृत्तीचं सामान नेतोय. घरी आल्यावर झारी भरायची आणि वाफ्यांवर फिरायचं. पाणी मिसळायचं असतं, थेंबभरातही खत कितीतरी असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते विचारलंच नव्हतं. वर खताला कंजुषी नको म्हणून त्यांनी हात सढळ ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

बायको परत आली ती सकाळी. पिशवी दारात ठेवून, चपला न काढता, ती नेहमीप्रमाणे आधी मागे गेली. साहेब चहा घेऊन तिच्या मागोमाग, शाबासकी घ्यायच्या तयारीत.

टोमॅटोची रोपं विस्तव लागल्यासारखी कडांनी तपकिरी होऊन मान टाकून पडली होती. मिरचीची पानं गळून नुसत्या काड्या उभ्या होत्या. मातीवर पांढरी पापडी. गुलाबाच्या कलमांची रांग काळी पडली होती. शेवटची लिंबाची रोपं तेवढी वाचली होती, कारण तिथवर जायला साहेबांची कंबर दुखत होती.

ती खाली बसली. चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली आणि टाकून दिली. साहेबांनी सुरुवात केली की ताकद जास्त असल्यामुळे आधी पानं पडतात, मग जोरात फुटतात, आठ दिवस थांबलं तर. ती काही बोलली नाही, म्हणून ते बोलत राहिले. बोलता बोलता डेपो आला, कॅन आले, टायरवाल्या बाई आल्या, निकामी हा शब्द आला. खोटं बोलायला निघालेला माणूस वाटेत सगळं खरं सांगून बसला, इतका तिचा गप्पपणा मोठा होता.

मग तिने हेडमिस्त्रींना फोन लावला. साहेबांना नाही विचारलं. साहेबांना विचारून काय कळणार? हेडमिस्त्रींनी सांगितलं की वरची माती खरवडून काढा, पापडी फेकून द्या, आणि मग वाफ्यांना भरपूर साधं पाणी. एका दिवसात होणार नाही. माती टिकेल, रोपं नाही. उरलेले कॅन तेवढे डेपोत परत पाठवा, सांडू नका.

तिने साहेबांच्या हातात फावडं दिलं. त्या रविवारी शेजाऱ्यांनी पहिल्यांदा मुदतवाढ साहेबांना घाम आलेला पाहिला. कुंपणावरून एकाने विचारलंही, काय साहेब, बागकाम? साहेब म्हणाले, प्रयोग चाललाय. बायको एकेक रोप उपटून टोपलीत टाकत होती. एका मिरचीच्या काडीशी साहेबांचा हात थांबला.

“ही धरेल, बघ. खालून हिरवी आहे.”

“मेलीय ती.” तिने ती काडी त्यांच्या हातातून घेतली आणि टोपलीत टाकली. “अहो, मेलेल्याला मेलं म्हणता येत नाही तुम्हाला. म्हणून जिवंत होती ती मारलीत. उद्या डेपोत जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं. माझ्या वाफ्यांत लपवलेलं नाव मला नको.”

साहेब म्हणाले, “लोक हसतील.”

“हसू देत. मी नाही हसत, तेवढं बघा.”

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्यांनी फावडं उचललं आणि संध्याकाळपर्यंत माती खरवडत राहिले. मध्ये दोनदा कंबर धरून कण्हले, पण ते ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किल्ली देण्याचा कार्यक्रम. हेडमिस्त्री, टायरवाल्या बाई, दोन-चार ड्रायव्हर आणि काम टाळायला मिळतंय म्हणून आलेले आणखी काही जण शेडसमोर जमले. साहेब इस्त्रीच्या शर्टात आले. तळहाताला फोड आलेले, म्हणून हात मागे बांधलेले. टायरवाल्या बाई मोजायला पुढे झाल्या, तसे साहेब खाकरले.

“मोजू नका,” ते म्हणाले. “हा सगळा युरिया निकामी आहे. काही मी घरी नेऊन बायकोच्या रोपांवर ओतला. रोपंही गेली. एक कॅन गटारात ओतत होतो, तेव्हा वास आला तो माझा. म्हणजे कॅनचा. संडासाचा नव्हे.”

सफाईवाला मागे उभा होता. त्याने हातातला खराटा भिंतीला टेकवला आणि जरा पुढे येऊन उभा राहिला. साहेबांनी डोळे मिटले. आता आभाळ कोसळणार, उभ्या आयुष्याची अब्रू पत्र्यासारखी खडखडत खाली येणार, अशी त्यांची खात्री होती.

आभाळ होतं तिथेच राहिलं. एका ड्रायव्हरने जांभई दिली.

“साहेब,” टायरवाल्या बाई हळूच म्हणाल्या, “हे आम्हाला पहिल्या उन्हाळ्यातच कळलं होतं. एकही ड्रायव्हर तुमचा युरिया घेत नव्हता. सगळे वाटेतल्या पंपावर भरत होते. हेडमिस्त्रींनीच तसं ठरवून दिलं. तुम्हाला कोण समजावणार, म्हणून.”

साहेबांनी हेडमिस्त्रींकडे पाहिलं. हेडमिस्त्री शेडच्या छताकडे बघत होते. म्हणजे तो धाक, ती काटकसर, तो जपून वापरणारा ड्रायव्हर, जावयाने दिलेली ती ‘वा’, सगळं पंपावर भरलं जात होतं. ज्या नावाला वाचवण्यासाठी तळ्यातले मासे, सफाईवाल्याची दुपार आणि बायकोचे वाफे पणाला लावले, ते नाव डेपोत कधी नव्हतंच. लोक पाठीमागे हसून हसून दमले होते, आणि आता समोर हसायचाही त्यांना कंटाळा आला होता. अपमान व्हायला निदान माणूस महत्त्वाचा असावा लागतो, हे साहेबांना निवृत्तीच्या दिवशी कळलं.

बाईंनी पेन पुढे केलं. साहेबांनी तो शब्द लिहिला. अक्षर चांगलं आलं. सही करून त्यांनी पेन बाईंना परत दिलं. मग त्यांनी मान वर केली आणि थंड खोलीकडे बघून म्हणाले, “त्या गाद्याही घ्या. आणि आरसे. त्या गाड्या आता कुठे आहेत?” जमलेल्या लोकांमध्ये खरी खळबळ माजली ती या वाक्याने. दोघे जण चहा अर्धा टाकून मदतीला धावले, साहेबांचं मत बदलायच्या आत.

दुपारी पुरवठादाराची गाडी आली. घरून परत आणलेल्या कॅनसकट सगळे कॅन फाटकाजवळ रचलेले. गाडीवाला तरुण माणूस होता. त्याने एका झाकणावरची पांढरी पापडी नखाने खरवडली, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“हे इतके दिवस उन्हात कोणी ठेवलं हो?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. साहेबांच्या मागे हमाल होते, पुरवठादाराची सूट होती, जुनं शेड होतं, मांजर होतं. बोट दाखवायला जागा भरपूर होती. साहेबांचं बोट जरासं वर आलंसुद्धा. मग ते खाली गेलं.

“मी,” ते म्हणाले. “मीच ठेवलं.”

गाडीवाल्याने मान हलवली आणि कॅन उचलायला लागला. त्याला दुसरं काही विचारायचं नव्हतं. साहेब तिथेच उभे राहिले. एवढं मोठं काहीतरी केल्यावर लोकांनी काहीतरी म्हणायला हवं, असा त्यांचा चेहरा होता. कोणी काही म्हणालं नाही. मग त्यांनी दोन पावलं पुढे टाकली.

“अरे, आडवा नको धरू. झाकण वर. युरिया असाच सांडतो, आणि मग मातीचं काय होतं ते तुला ठाऊक नाही.”

गाडीवाला म्हणाला, बरं, काका. पण काकांचं समाधान होत नव्हतं. शेवटचा कॅन चढेपर्यंत ते त्याच्या मागे मागे फिरत होते, कुठला कॅन कुठे टेकवावा, वास कशाने येतो, गटारात का ओतू नये आणि थंड खोली नेहमी रिकामी का ठेवावी, हे समजावत.